उंदराच्या ताटातलं सोयाबीन

पुण्यात तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक मजकूर हमखास येतो: ‘सोयाबीन खा, प्रोस्टेटचा कॅन्सर टाळा. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं!’ त्यावर नमस्काराचे हात उमटतात न उमटतात तोच दुसरं कोणीतरी उलटा मजकूर टाकतं: सोयाबीनमुळे पुरुषांत बायकी हार्मोन वाढतात, जिममधल्या पोरांनी तर सोया वडीला हातही लावू नये. गंमत अशी, की दोन्ही मजकुरांच्या मुळाशी खरोखरचे प्रयोग आहेत. फक्त ते बहुतेक उंदरांवर आणि त्यांच्याहून मोठ्या, घुशीसारख्या दिसणाऱ्या उंदरांवर, म्हणजे रॅटवर, झालेले आहेत. त्या प्रयोगांत नेमकं काय केलं गेलं, हे कळलं की दोन्ही मजकुरांतली हवा बरीचशी निघून जाते. उरतं ते मात्र वाचण्यासारखं आहे.

सोयाबीन म्हटलं की आपल्याला प्रथिनं आणि तेल आठवतं. आपल्या आगरकर रस्त्यावरच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेल्या एमएसीएस १४०७ या वाणात ४१ टक्के प्रथिनं आणि जवळजवळ २० टक्के तेल असतं. शेतकऱ्याच्या आणि गिरणीवाल्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आकडे हेच. कॅन्सरवर काम करणाऱ्यांना रस आहे तो मात्र दाण्यात अगदी थोड्या प्रमाणात असणाऱ्या आयसोफ्लेवोन नावाच्या द्रव्यांत. १०० ग्रॅम सुक्या सोयाबीनमध्ये ती साधारण १५० मिलिग्रॅम भरतात. जेनिस्टीन, डेड्झीन आणि ग्लायसिटीन अशी तीन मुख्य नावं, त्यातलं जेनिस्टीन सगळ्यात जास्त अभ्यासलेलं.

या रेणूंची ठेवण इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनशी मिळतीजुळती आहे. त्यामुळे पेशीत इस्ट्रोजेनसाठी जी जागा असते, जिला रिसेप्टर म्हणतात, तिथे हे रेणूही जाऊन बसू शकतात. हे केवळ कागदावरचं रसायनशास्त्र नाही. १९४०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर नावाचा चारा खाणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनात आणि शोध घेता घेता बोट याच कुळातल्या द्रव्यांकडे वळलं. बायकी हार्मोनची भीती पसरली ती साधारण अशा घटनांतून. ती मेंढ्यांच्या बाबतीत खरी होती. पुरुषांचं म्हणाल, तर २०२१ मध्ये ४१ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले आणि सोया किंवा आयसोफ्लेवोन घेतल्याने ना टेस्टोस्टेरॉन घटलं, ना इस्ट्रोजेन वाढलं. जिममधल्या पोरांचा प्रश्न इथेच मिटला. आता प्रोस्टेटकडे वळू.

प्रोस्टेट ही पुरुषांत मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली छोटी ग्रंथी. ती टेस्टोस्टेरॉनवर पोसली जाते, विशेषतः त्यापासून बनणाऱ्या डीएचटी या जास्त कडक हार्मोनवर. मग इस्ट्रोजेनसारख्या द्रव्याचा तिथे संबंध काय? याचं उत्तर १९९६ मध्ये मिळालं. इस्ट्रोजेनचा रिसेप्टर एकच असतो अशी तोवर समजूत होती. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांना दुसरा सापडला, आणि तो सापडला कुठे, तर रॅटच्या प्रोस्टेटमध्ये! त्याला बीटा म्हणतात, जुन्याला अल्फा. जेनिस्टीन अल्फापेक्षा बीटाला कितीतरी घट्ट धरतं, आणि बीटा हा पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या बाजूचा मानला जातो. त्याआधी १९८७ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं होतं, की पेशींना ‘वाढा’ असा निरोप पोचवणारी टायरोसिन कायनेझ नावाची विकरं जेनिस्टीनमुळे थंडावतात. सिद्धान्त म्हणून हे दोन्ही रस्ते छान होते.

संशय मुळात आला होता तो लोकसंख्येच्या आकड्यांवरून. जपानमध्ये प्रोस्टेट कॅन्सर कमी, अमेरिकेत फार, आणि अमेरिकेत जाऊन राहिलेल्या जपान्यांत तो वाढलेला. म्हणजे सगळंच जनुकांवर ढकलता येत नाही. शवविच्छेदनात तर आणखी एक विचित्र गोष्ट दिसली: प्रोस्टेटमधल्या अगदी बारीक, सुप्त गाठी दोन्ही देशांतल्या म्हाताऱ्या पुरुषांत फारशा वेगळ्या प्रमाणात नव्हत्या. फरक होता तो त्या गाठी पुढे वाढून त्रास देण्यात. जपानी माणूस असं काय खातो, ज्यामुळे गाठ झोपलेलीच राहते? १९९३ मध्ये फिनलंडच्या हर्मन अ‍ॅडलरक्रॉइट्झ यांनी जपानी आणि फिनिश पुरुषांच्या रक्तातली आयसोफ्लेवोन मोजली. जपान्यांच्या रक्तात ती ७ ते ११० पट जास्त निघाली. सोयाबीन संशयिताच्या पिंजऱ्यात उभं राहिलं, या वेळी चांगल्या अर्थाने.

इथे पुण्यात बसून मला एक शंका नेहमी येते. आपल्याकडेही प्रोस्टेट कॅन्सरचं प्रमाण अमेरिकेच्या तुलनेत फार कमी आहे, वयाचा फरक जमेस धरूनही दहापटीहून जास्त अंतर आहे. पण आपले आजोबा-पणजोबा कुठे सोयाबीन खात होते? भारतात सोयाबीनची व्यापारी लागवड १९६०च्या दशकाच्या शेवटी मध्य प्रदेशातून सुरू झाली, लातूर-विदर्भाकडे ते नगदी पीक झालं त्यानंतर. वरण तुरीचं, उसळ मटकीची, पिठलं हरभऱ्याचं. म्हणजे सोयाबीन न खाताही प्रमाण कमी असू शकतं. शिवाय अमेरिकेत पीएसए नावाची रक्ततपासणी सर्रास होते आणि जितकं शोधावं तितकं सापडतं. तुलना देशादेशांची असली की आहार, तपासणी, आयुर्मान, वजन सगळं एकमेकांत गुंततं. तो गुंता सोडवायचा तर एकच गोष्ट बदलून बाकी सगळं सारखं ठेवता यायला हवं. माणसांच्या बाबतीत ते जवळजवळ अशक्य. म्हणून उंदीर.

ज्याला कॅन्सर होतच नाही, त्याला तो करायचा

पहिली अडचण अशी, की साध्या उंदराला प्रोस्टेटचा कॅन्सर आपणहून होत नाही म्हटलं तरी चालेल. त्याची ग्रंथीही आपल्यासारखी एकसंध नसते, तिचे वेगवेगळे खंड असतात, आणि रॅटमधल्या पोटाकडच्या खंडाला तर माणसात जोडच नाही. मग संशोधकांनी तीन वाटा काढल्या.

एक म्हणजे अपवादाने ज्यांना हा रोग होतो असे प्राणी शोधणं. अमेरिकेतल्या नॉत्र दाम विद्यापीठात मॉरिस पोलार्ड यांनी लोबुंड-विस्टार नावाची रॅटची जात जोपासली. त्यातल्या साधारण ३० टक्के नरांना म्हातारपणी, सरासरी २६ महिन्यांच्या वयाला, प्रोस्टेटच्या परिसरात कॅन्सर होतो. पोलार्ड यांनी त्यांना आयसोफ्लेवोन शाबूत असलेल्या सोया प्रथिनांवर ठेवलं, तेव्हा गाठी कमी झाल्या. रसायन देऊन मुद्दाम कॅन्सर केला तेव्हाही तो उशिरा आला. हा प्रयोग मला आवडतो तो एका कारणासाठी: प्राणी म्हातारा होईपर्यंत थांबण्याची तयारी होती. असा धीर पुढच्या प्रयोगांत फारसा दिसत नाही.

दुसरी वाट जनुकांची. १९९५ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात नॉर्मन ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या जनुकांत एका विषाणूचं जनुक अशा बेताने बसवलं, की ते चालू व्हावं फक्त प्रोस्टेटमध्ये, आणि तेही उंदीर वयात आल्यावर. हे जनुक पेशीतले दोन महत्त्वाचे पहारेकरी, पी५३ आणि आरबी, निकामी करतं. त्या उंदराला ट्रॅम्प म्हणतात. तीनेक महिन्यांत त्याच्या ग्रंथीत बदल दिसू लागतात आणि सहा-सात महिन्यांचा होईपर्यंत जवळजवळ प्रत्येकाला कॅन्सर झालेला असतो. संशोधकांना सोयीचं आहे, यात शंका नाही. पण माणसात वीस-तीस वर्षं रेंगाळणारा रोग इथे काही महिन्यांत उरकतो, हे विसरून चालत नाही.

तिसरी वाट म्हणजे माणसाच्या कॅन्सरच्या पेशी, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात टोचायच्या. यासाठी पीसी-३ नावाच्या पेशी फार वापरल्या जातात. एका ६२ वर्षांच्या रुग्णाच्या हाडात पसरलेल्या गाठीतून त्या काढल्या आणि १९७९ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वाढताहेत. भारतात काम करणाऱ्यांना त्या बहुतेकदा पुण्यातूनच, विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस या संस्थेच्या पेशी-भांडारातून मिळतात.

आता जमेची बाजू. बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठात कोरल लामार्टिनिएर यांच्या गटाने ट्रॅम्प उंदरांच्या खाण्यात जेनिस्टीन मिसळलं. एक किलो खाद्यात १००, २५० आणि ५०० मिलिग्रॅम असे तीन गट, आणि एक गट जेनिस्टीनशिवायचा. जसजसं प्रमाण वाढलं, तसतशी सर्वांत वाईट प्रतीच्या, पेशी ओळखू येईनाशा झालेल्या कॅन्सरची संख्या घटत गेली. हा निकाल २००१ चा. ‘उंदरांवर सिद्ध’ या शब्दांमागे बहुधा असाच एखादा निकाल असतो. तो खोटा मुळीच नाही. याच गटाच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: प्राण्याला लहानपणापासून आयुष्यभर जेनिस्टीन मिळालं, तर संरक्षण सगळ्यात चांगलं. मोठेपणी सुरू केलं, तर त्या मानाने कमी.

पिंजऱ्यातल्या त्या तपकिरी गोळ्या

प्राणिगृहात गेलात तर प्रत्येक पिंजऱ्याच्या जाळीच्या झाकणाला एक खोलगट खाच दिसेल. तिच्यात बोटाच्या पेराएवढ्या, कडक, तपकिरी गोळ्या भरलेल्या असतात. उंदीर खालून मागच्या पायांवर उभा राहून त्या कुरतडतो. वासाला पेंडीसारख्या. आणि त्यात आश्चर्य नाही, कारण बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या खाद्यात प्रथिनांसाठी सोयाबीनची पेंडच घातलेली असते. स्वस्त पडते.

म्हणजे ज्या उंदराला आपण ‘सोया न दिलेला’ म्हणतोय, तो जन्मापासून सोया खातोय. चहाने तरतरी येते का हे तपासायला दोन गट करावेत, आणि ‘चहा न घेणारा’ गट येतानाच अमृततुल्यवर एकेक कप घेऊन आलेला असावा, तसा हा प्रकार. २००१ मध्ये ब्राउन आणि सेचेल यांनी नेहमीच्या खाद्यावर वाढलेल्या प्राण्यांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात आयसोफ्लेवोन भरपूर निघाली. शिवाय पेंड कुठल्या वाणाची, कुठल्या हंगामातली, यावर दर खेपेला प्रमाण बदलतं. एकाच कंपनीच्या दोन पोत्यांत फरक. अशा खाद्यावर केलेले, निव्वळ कॅन्सरच्या औषधांचेसुद्धा, किती प्रयोग यामुळे नकळत डळमळले असतील, कोण जाणे!

काळजीपूर्वक काम करणारे संशोधक म्हणून शुद्ध घटकांचं खाद्य वापरतात. प्रथिनं दुधातल्या केसीनची, पिष्ट मक्याचं, जीवनसत्त्वं मोजून घातलेली. अशा एका प्रचलित खाद्यात, १९९३ मध्ये ठरलेल्या एआयएन-९३ मध्ये, सोयाबीन तेल असतं. ते चालतं, कारण तेलात आयसोफ्लेवोन उतरतच नाहीत. हा तपशील आपल्याही कामाचा आहे. पुण्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत रोजची फोडणी सोयाबीन तेलात पडते. त्या फोडणीने ना प्रोस्टेट वाचतं, ना बायकी हार्मोन वाढतात. या बाबतीत ते बाकीच्या कुठल्याही तेलासारखंच.

तेव्हा ‘उंदरांवर प्रयोग झाला’ असं वाचलं, की माझा पहिला प्रश्न असतो: दुसरा गट काय खात होता? बातमीत याचं उत्तर कधीच नसतं. मूळ शोधनिबंधात असतं, बारीक अक्षरात.

किती, कधी आणि कोणाला

मात्रेचा हिशोब करून बघू. साधारण २५ ग्रॅमचा उंदीर दिवसाला चारेक ग्रॅम खातो. किलोला २५० मिलिग्रॅम जेनिस्टीनचं खाद्य असेल तर त्याच्या पोटात रोज १ मिलिग्रॅम जातं. वजनाच्या हिशोबाने किलोमागे ४० मिलिग्रॅम. हे सरळ ६५ किलोच्या माणसाला लावलं तर २,६०० मिलिग्रॅम होतात, म्हणजे त्यातली सगळी आयसोफ्लेवोन मोजली तरी पावणेदोन किलो सोयाबीन रोज! पण असं सरळ गुणायचं नसतं. छोट्या प्राण्याचं शरीर द्रव्य झपाट्याने जाळतं, म्हणून औषधशास्त्रात शरीराच्या पृष्ठभागावरून हिशोब करतात आणि उंदराची मात्रा साधारण १२.३ ने भागतात. मग उत्तर येतं रोज २१० मिलिग्रॅमच्या आसपास. पारंपरिक जेवण जेवणारा जपानी माणूस रोज २५ ते ५० मिलिग्रॅम आयसोफ्लेवोन खातो. लामार्टिनिएर यांच्या गटाने असंही म्हटलं, की खाण्यातले आकडे बाजूला ठेवा, रक्तातली पातळी बघा, ती सोया खाणाऱ्या आशियाई पुरुषांइतकीच आहे. हा युक्तिवाद मला बराच पटतो. पण त्यातही एक मेख आहे, ती पुढे येईल.

परीक्षानळीतल्या पेशींचं तर विचारूच नका. तिथे जेनिस्टीन असं ओततात, की तेवढं प्रमाण सोया खाऊन माणसाच्या रक्तात कधी चढत नाही. १९८७ चा तो टायरोसिन कायनेझचा परिणाम बऱ्याच अंशी याच सदरातला.

आणि आता ज्यामुळे हा विषय खरा अवघड झाला, ते दोन प्रयोग. वर्षभराच्या अंतराने, एकाच नियतकालिकात आलेले.

२००८ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या रेमंड बर्गन यांच्या गटाने माणसाच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी उंदरांच्या प्रोस्टेटमध्ये टोचल्या आणि खाण्यातून जेनिस्टीन दिलं. मूळ गाठीच्या वाढीत फरक पडला नाही. पण फुप्फुसात पसरलेले बारीक कण ९६ टक्क्यांनी घटले. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये माणूस दगावतो तो गाठीने क्वचित, पसरण्यानेच बहुधा. त्यामुळे हा आकडा पाहून अनेकांच्या भुवया उंचावल्या.

२००९ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठातल्या एल टूनी आणि बॅनर्जी यांनी ट्रॅम्प उंदरांना जेनिस्टीन दिलं. ग्रंथीत बिघाड सुरू झाल्यावर, किलोला २५० मिलिग्रॅम. रोग वाढला. लसिकाग्रंथींत पसरणं वाढलं. किलोला १,००० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा मात्र तो आटोक्यात आला. म्हणजे मधली मात्रा घातक आणि मोठी उपकारक! शिवाय ही मधली मात्रा तीच, जिने अलाबामात फायदा दाखवला होता. तिथे उंदीर पाच-सहा आठवड्यांचे असताना सुरुवात केली होती, इथे बारा आठवड्यांनंतर. उंदरांचा मूळ वंशही थोडा वेगळा होता.

हे वाचून ‘शास्त्रज्ञांचं काही खरं नाही’ म्हणण्याचा मोह होतो. मला मात्र हे दोन निकाल एकमेकांना खोटं पाडणारे वाटत नाहीत. हार्मोनसारख्या वागणाऱ्या द्रव्याकडून हीच अपेक्षा असते. कमी मात्रेत ते एका रिसेप्टरवर काम करतं, जास्त मात्रेत त्याचे दुसरे उद्योग सुरू होतात. निरोगी पेशीवर, चुकायला लागलेल्या पेशीवर आणि पूर्ण बिघडलेल्या पेशीवर त्याचा हात एकसारखा पडत नाही. यातून जो धागा निघतो तो वेळेचा. प्रतिबंधासाठी लवकर, कमी प्रमाणात, दीर्घकाळ मिळणारं द्रव्य ही एक गोष्ट. आणि गाठ झाल्यावर तेच द्रव्य घेणं ही सर्वस्वी दुसरी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर ज्यांना पाठवला जातो ती मंडळी साठी-सत्तरीची, बऱ्याचदा पीएसए वाढल्याचा रिपोर्ट हातात असलेली. त्यांना अलाबामाचा कोवळा उंदीर दाखवून सोया घ्यायला सांगणं मला धोक्याचं वाटतं.

आता ती मेख. जेनिस्टीन आतड्यातून आत शिरलं की आपलं शरीर ताबडतोब त्याला दुसऱ्या रेणूंची जोड देऊन बाहेर काढायच्या तयारीला लागतं. अशा जोडलेल्या रूपात ते जवळजवळ निष्क्रिय असतं. माणसाच्या रक्तात जेवढं जेनिस्टीन सापडतं, त्यातलं मोकळं, काम करू शकणारं, १ टक्क्याहूनही कमी असतं. २०११ मध्ये सेचेल यांनी दाखवलं, की उंदरांत मोकळ्या जेनिस्टीनचं प्रमाण माणसापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं, आणि उंदराच्या वंशागणिक ते बदलतं. म्हणजे एकूण पातळी सारखी असली तरी उंदराच्या पेशीला प्रत्यक्षात मिळणारा डोस मोठा. वरचा रक्ताच्या पातळीचा युक्तिवाद इथे लंगडा पडतो.

दुसरा फरक आतड्यातल्या जिवाणूंचा. डेड्झीनपासून काही जिवाणू इक्वॉल नावाचं द्रव्य बनवतात. ते मूळ डेड्झीनपेक्षा जास्त प्रभावी. २००४ च्या एका अभ्यासात दिसलं, की इक्वॉल थेट डीएचटीलाच पकडून ठेवतं, म्हणजे प्रोस्टेटचं खाद्यच अडवतं. उंदीर आणि रॅट जवळजवळ सगळेच इक्वॉल बनवतात. जंतुविरहित वातावरणात वाढवलेले रॅट मात्र नाही, यावरून हे काम जिवाणूंचं आहे हे पक्कं झालं. माणसांत पाश्चात्त्य देशांत २५ ते ३० टक्के लोकांनाच हे जमतं, जपान-कोरिया-चीनमध्ये ५० ते ६० टक्क्यांना. तेव्हा उंदरांना झालेला फायदा इक्वॉलमुळे असेल, तर एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावांपैकी एकाला तो मिळेल, दुसऱ्याला शून्य.

माणसांवर प्रयोग झालेच नाहीत असं मात्र नाही. अमेरिकेत प्रोस्टेट काढून टाकलेल्या आणि कॅन्सर उलटण्याचा धोका जास्त असलेल्या १७७ पुरुषांना दोन वर्षं रोज पेयातून सोया प्रथिनं, २० ग्रॅम, किंवा तेवढीच दुधाची प्रथिनं दिली गेली. कोणाला काय मिळतंय हे त्यांना माहीत नव्हतं. २०१३ मध्ये निकाल आला: सोया गटात २७.२ टक्के लोकांत कॅन्सर उलटला, दुसऱ्या गटात २९.५. हा फरक योगायोगाच्या पलीकडचा नव्हता. पुढे काही हाती लागणार नाही हे दिसल्यावर प्रयोग मुदतीआधीच थांबवला होता. कॅनडात ३०३ पुरुषांवर, कॅन्सरपूर्व बदल दिसलेल्या, तीन वर्षं सोया, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम मिळून दिलं गेलं. २०११ चा निकाल: फरक नाही. ई जीवनसत्त्वाचं प्रकरण तर याहून वाईट निघालं. ३५ हजारांहून जास्त पुरुषांच्या एका चाचणीत, निव्वळ त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढला. कागदावर तेही संरक्षक म्हणूनच ओळखलं जात होतं.

या मानवी चाचण्यांना एक रास्त आक्षेप आहे. त्या सगळ्या उशिरा सुरू झाल्या, ग्रंथीत बिघाड झाल्यावर किंवा ग्रंथी काढल्यावर. प्राण्यांत सगळ्यात चांगला फायदा दिसला होता तो बालपणापासून जेनिस्टीन मिळालेल्यांना. तशी चाचणी माणसांवर घ्यायची तर ती पन्नास वर्षं चालवावी लागेल, आणि कोण चालवणार? म्हणून जे लोक आयुष्यभर सोया खातात त्यांच्याकडे पाहायचं. जपानमधल्या ४३ हजारांहून जास्त पुरुषांच्या पाहणीत, २००७ मध्ये, आयसोफ्लेवोन जास्त खाणाऱ्यांत प्रोस्टेटपुरताच मर्यादित कॅन्सर कमी आढळला. पण मिसो सूप जास्त पिणाऱ्यांत पुढच्या टप्प्याचा कॅन्सर जास्त. जॉर्जटाउनच्या उंदरांची आठवण व्हावी असाच हा निकाल आहे, फक्त पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही हे ध्यानात ठेवून.

आपल्या ताटात

पुण्यात सोयाबीन येतं ते तीन वाटांनी. तेलाचं सांगून झालं. दुसरी वाट गिरणीची: दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन घालून दळून आणायचं. अशा पिठाच्या चार पोळ्यांत, म्हणजे साधारण १२० ग्रॅम पिठात, ११ ग्रॅम सोयाबीन येतं आणि १६ मिलिग्रॅमच्या आसपास आयसोफ्लेवोन. तिसरी वाट सोया वडीची. ती तेल काढलेल्या पिठापासून बनते आणि आयसोफ्लेवोन तिच्यात टिकून राहतात. मूठभर वड्यांतून जपानी जेवणाइतकी मिळून जातात. टोफूत १०० ग्रॅमला वीस-पंचवीस मिलिग्रॅम. प्रथिनांच्या डब्यातल्या भुकटीचं मात्र सांगता येत नाही, कारण अल्कोहोलने धुऊन काढलेल्या प्रथिनांत ही द्रव्यं जवळजवळ उरत नाहीत, पाण्याने धुतलेल्यांत बरीच उरतात. डब्यावर पद्धत लिहिलेली नसते.

खाण्यातल्या या प्रमाणाला घाबरण्यासारखं काही मला कुठल्याच प्रयोगात दिसलं नाही. वडीची भाजी आवडत असेल तर खावी, प्रथिनांसाठी ती उत्तमच. कॅन्सर टाळायला म्हणून खायची गरज नाही. आयसोफ्लेवोनच्या कॅप्सूलचं गणित वेगळं. पीएसए वाढलेलं असेल, बायोप्सी झाली असेल किंवा उपचार चालू असतील, तर त्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत आणि आधीच घेत असाल तर आपल्या युरॉलॉजिस्टला किंवा कॅन्सरतज्ज्ञाला तसं सांगावं. ‘आयुर्वेदिक आहे’, ‘नैसर्गिक आहे’ म्हणून न सांगता राहू नये. आणखी एक, प्रोस्टेटशी संबंध नसलेली पण घरोघरी लागू पडणारी गोष्ट: थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोयामुळे ती आतड्यात कमी शोषली जाते. सकाळी उठल्या उठल्या गोळी घेऊन लगेच सोया दूध पिणाऱ्यांनी मध्ये काही तास जाऊ द्यावेत, आणि सोयाचं प्रमाण एकदम वाढवलं किंवा बंद केलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, पुन्हा करून घ्यावी.